यातायात नाही, साहेबांची कृपा

टेलिफोनच्या तारेला पाणी लागत नाही. बहात्तर साली पाऊस आला नाही तेव्हा आमच्या गावात चालू राहिलेली ती एकमेव वस्तू होती. विहिरी बंद, ओढा बंद, बैलबाजार बंद, लग्नं बंद. टेलिफोन चालू. त्यामुळे सगळं गाव टेलिफोनच्या अंगावर येऊन पडलं, आणि टेलिफोनच्या म्हणजे माझ्या.

मी बन्सी. तिसगाव सोडून पुढं निघालं की एक बाजाराचं गाव लागतं. तिथल्या पोस्टाच्या मागल्या खोलीत खात्याचा बोर्ड होता आणि बोर्डासमोर मी होतो. बोर्ड म्हणजे एक उभी लाकडी पेटी, तिला पन्नास भोकं. ज्याच्या घरी फोन, त्याचं एक भोक. त्यानं घरी दांडा फिरवला की त्याच्या भोकावरची पितळी पडदी टपकन पडायची. मग मी दोरी खुपसून विचारायचं, कोण पाहिजे, आणि दुसरी दोरी त्या दुसऱ्याच्या भोकात खुपसायची. एवढंच काम. शिकवली तर म्हैससुद्धा करील, फक्त तिला स्टुलावर बसता आलं पाहिजे.

भोकं पन्नास, पण नगरला जाणारी तार एक. गावातल्या गावात कितीही जणांनी गप्पा माराव्यात, नगरशी मात्र एका वेळी एकानंच बोलायचं. वरून साहेब तपासणीला आले की भोकं मोजायचे. बरीच रिकामी दिसली की खूश व्हायचे. म्हणायचे, जागा भरपूर आहे, आणखी फोन देऊन टाका. मग आणखी काही जणांना फोन मिळायचे आणि त्या एका तारेमागं ते सगळे येऊन उभे राहायचे. मी एकदा एका साहेबांना म्हणालो, साहेब, घराला खोल्या वाढवत चाललोय आणि मोरी तीच आहे. ते म्हणाले, खोल्यांचा विषय बांधकाम खात्याकडं.

बरं, दुष्काळात गावातल्या गावात बोलायचं काय? कुणाकडंच काही नव्हतं आणि ते सगळ्यांना न बोलता माहीत होतं. धान्य नगरला, चारा नगरला, अधिकारी नगरला, पाण्याचा टँकर नगरला. बोलायचं तर नगरशी.

म्हणून मनकर्णा रोज सकाळी माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसायची.

गावापलीकडच्या माळावर पाझर तलावाचं दुष्काळी काम काढलेलं होतं. हजारभर माणसं माती उपसत होती, खडी फोडत होती. ज्या तलावात पुढं पाणी साठणार होतं, त्याच्या कामावर प्यायला पाणी नव्हतं. ते नगरच्या आगारातून टँकरनं यायचं. आगाराचा नियम असा, की दुपारी बाराच्या आत ज्या कामावरून फोन येईल त्या कामाला संध्याकाळी टँकर. फोन आला नाही तर तिथं पाणी शिल्लक आहे असं धरायचं. हजार माणसं तहानेनं आडवी झाली आणि त्यामुळं कुणी फोनपर्यंत चालत जाऊ शकलं नाही, तरी पाणी शिल्लक आहे असंच धरायचं. हा नियम काढणाऱ्याला मला एकदा बघायचं होतं. नुसतं बघायचं होतं. माझे हात बांधून ठेवले असते तरी चाललं असतं.

आधी कामावरचा कारकून गहिनीनाथ फोनला यायचा. भला माणूस. कुणी म्हणालं, मला जरा घाई आहे, की हा उठून आपला नंबर द्यायचा. त्याच्या भलेपणापायी लागोपाठ टँकर चुकले. तेव्हा एका दुपारी साळूबाई, मनकर्णाची सासू, कामावरची लेकरं सांभाळता सांभाळता उन्हात पडली. शुद्धीवर आली तेव्हा पाणी मागितलं. पाणी नव्हतं. म्हातारी म्हणाली, असू द्या, मग बघू. म्हणजे पाहुण्यांच्या घरी चहाला नको म्हणतात तशी. ही गोष्ट मनकर्णानं मला कधी सांगितली नाही, मला ती दुसऱ्यांकडून कळली. एवढं मात्र खरं, की दुसऱ्या दिवशी कामावरच्या बायांनी गहिनीनाथाला घरी बसवलं आणि मनकर्णा फोनला आली. दरसाल ऊसतोडीला जाणारी बाई. मुकादमांशी भांडून भांडून तिचा आवाज असा झाला होता की तिला खरं तर तारेची गरज नव्हती. पण आगाराच्या नियमात फोनच लिहिलेला होता.

आता कॉलच्या जाती सांगतो. साधा म्हणजे ऑर्डिनरी. दुप्पट पैसे मोजले की अर्जंट, तो साध्याच्या पुढं. आणि त्याच्याही डोक्यावर लाइटनिंग, म्हणजे वीज, ती सगळ्यांना जाळून पुढं. छगनशेठ आडत्याला ज्वारीचा भाव विचारायचा असायचा. तो अर्जंट. मनकर्णाला पाणी मागायचं असायचं. ते ऑर्डिनरी, कारण टँकरच्या खर्चात अर्जंट कॉल बसत नव्हता. मी रोज भावाला पुढं सोडायचो आणि पाण्याला थांबवायचो आणि नगरच्या बोर्डावरच्या विजयमालाशी भांडायचो. विजयमालाला मी कधी पाहिलेलं नव्हतं. ती एक आवाज होती आणि तो आवाज कायम मला म्हणायचा, तुझ्या गावाला एकच तार आहे रे बाबा, मी काय दाताने दुसरी विणू का?

तरी बहुतेक दिवस मनकर्णाचा नंबर बाराच्या आत लागायचा. मार्चातल्या एका गुरुवारपर्यंत.

त्या गुरुवारी आमचा लाइनमन पुंजाराम आला, सायकल भिंतीला टेकवली आणि म्हणाला, शनिवारी नगरहून टोळी येणार, आपली नगरची तार गुंडाळून न्यायची हाय. मला वाटलं थट्टा करतोय. म्हटलं, कुठं नेणार? तो म्हणाला, भंडारदऱ्याला. धरणावर पाहुण्यांचा बंगला हाय, तिथल्या फोनला दुसरी तार टाकायची हाय.

म्हणजे जिथं पाणी होतं तिथं आता फोनही जाणार होता. तिथून लोक नगरला फोन करून सांगणार, इकडं पाणी आहे.

मी विचारलं, आमचीच तार का? पुंजाराम म्हणाला, ऑफिसात असंच बोलत्यात, का या गावाला यातायात न्हाई.

मी हसलो. खोटं कशाला सांगू, मोठ्यानं हसलो. उंबऱ्यावर मनकर्णा बसलेली होती, तिनं मान वळवून पाहिलं. मी म्हणालो, पुंजारामभाऊ, या गावात यातायातीशिवाय दुसरं काय उरलंय? आणि मग हसता हसता थांबलो, कारण मी जबलपूरला ट्रेनिंग केलेलं होतं.

जबलपूरला आम्हाला हिंदीतून शिकवायचे. पहिल्याच दिवशी मास्तर मला म्हणाले, चेष्टा करो. मी केली. त्यांच्या चालण्याची हुबेहूब नक्कल केली. वर्ग हसला, मास्तर हसले नाहीत. मग कळलं, तिकडं चेष्टा म्हणजे प्रयत्न. ते रागानं म्हणाले, यहाँ तुम्हें शिक्षा दी जाएगी. मी खाली मान घालून हात पुढं केला, तर ते शिकवायला लागले. त्याच वर्गात मला हेही कळलं होतं, की त्यांच्याकडं यातायात म्हणजे आपल्याकडची धावाधाव, हालअपेष्टा नव्हे. यातायात म्हणजे येणंजाणं. रहदारी. तारेवरून किती कॉल गेले आणि किती आले, ते.

मी दोरी तशीच लोंबती टाकून पुढच्या खोलीत गेलो.

राधाकृष्ण मास्तर आमचे पोस्टमास्तर. टोपी कधी वाकडी नाही, आवाज कधी वर नाही. महिन्याच्या एक तारखेला नगरचे साहेब त्यांना फोन करायचे, तो कॉल ते आपल्या टेबलावर घ्यायचे आणि उभं राहून बोलायचे. आधीचे साहेब विचारायचे, ट्रॅफिक किती? मास्तर आकडा सांगायचे. दोन-अडीच वर्षांपूर्वी नवे साहेब आले. ते कानपूरकडचे, शुद्ध हिंदीचे अभिमानी. इंग्रजी शब्द त्यांच्या तोंडाला विटाळ वाटायचा.

मी विचारलं, मास्तर, नवे साहेब तुम्हाला दर महिन्याला काय विचारतात?

"विचारपूस करतात," मास्तर म्हणाले. "मोठा मायाळू माणूस. न चुकता विचारतात, राधाकृष्ण जी, यातायात कितना है?"

"आणि तुम्ही काय सांगता?"

"सांगतो, बिलकुल नहीं साहब. आपकी कृपा."

मी खुर्चीवर बसलो. त्यांच्यासमोर मी कधी बसत नसे. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. यातायात म्हणजे काय, साहेब काय विचारतात, आपण काय कळवत आलो, आणि त्यामुळं शनिवारी टोळी का येतेय. मास्तर ऐकत होते आणि हळूहळू टोपी काढत होते. पण एवढं होऊन ते काय म्हणाले, तर म्हणाले, बन्सी, वरिष्ठांनी मायेनं विचारलं काही त्रास आहे का, तर आपण काय आपले त्रास सांगत बसायचे?

मी म्हणालो, ते त्रास विचारतच नव्हते.

ते म्हणाले, मला काय माहीत? ज्या महिन्यात माझी आई गेली त्या महिन्यातही मी म्हणालो, नाही साहेब, आपली कृपा. जीभ जड झाली होती. पण म्हणालो.

मला त्यांचा राग आला होता, तो तसाच राहिला, आणि त्यात त्यांची आई येऊन बसली. आता मला धड रागावताही येईना. मग मी साहेबांवर रागावलो. अडीच वर्षं एका गावातून एकही कॉल होत नाही, असं कळतं आणि या माणसाला प्रश्न पडत नाही? हे "एकही कॉल होत नाही" तो ज्या तारेवरून ऐकतोय ती तारसुद्धा त्याला दिसत नाही? तपासणीला येतात ते भोकं मोजतात, नगरला बसतात ते कृपा मोजतात. ती तार कुणीच मोजत नाही, कारण ती एकच आहे आणि एक मोजायला कुणाला पगार मिळत नाही.

शेवटी ठरलं, की मास्तरांनी साहेबांना फोन करायचा आणि खरं सांगायचं. पण तोपर्यंत गुरुवार संपला होता, साहेब घरी गेले होते. राहिला शुक्रवार. विजयमाला म्हणाली, साहेब बारा वाजता दौऱ्यावर निघतायत, त्याच्या आधी काय ते करा. आणि मास्तरांनी नियम काढला, की खात्याचा कॉल लोकांच्या सगळ्या कॉलच्या मागं. तो नियम खरोखरच आहे. तार वाचवायची तर तार पाहिजे, आणि तार रिकामी नाही, कारण तारेवर यातायात आहे, आणि तार जातेय, कारण यातायात नाही. मी हे वाक्य मनात दोनदा म्हटलं आणि मला बोर्डावर डोकं आपटावंसं वाटलं. आपटलं नाही. पडद्या पडल्या असत्या.

शुक्रवारी सकाळी मनकर्णा नेहमीच्या वेळेला येऊन बसली. छगनशेठचे अर्जंट एकापाठोपाठ एक. मिलो, म्हणजे अमेरिकेची तांबडी ज्वारी, किती गाड्या आली, भाव काय, उद्या काय होईल, परवा काय होईल. मग एका अधिकाऱ्याचा लाइटनिंग आला. गावात दुष्काळ पाहायला आलेले होते. त्यांनी नगरच्या बंगल्यावर कळवलं, की संध्याकाळी परत येतोय, आंघोळीला पाणी तापवून ठेवा. दोन बादल्या. माळ फार धुळीचा आहे.

मी ती दोरी जोडली. हातानं जोडली. तीन मिनिटं पूर्ण होईपर्यंत ते बंबाच्या लाकडांबद्दल बोलत होते आणि मी कानाला लावून बसलो होतो, कारण तीन मिनिटं झाली असं सांगणं माझं काम होतं. उंबऱ्यावर मनकर्णा भिंतीला डोकं टेकून बसली होती. तिनं काही ऐकलं नाही. माझ्या तोंडाकडं पाहून मात्र तिनं विचारलं, कोन मेलं रं? मी म्हणालो, अजून कुणी नाही.

त्यानंतर घड्याळात एकाच कॉलापुरता वेळ राहिला. साध्या कॉलमध्ये पहिला नंबर मनकर्णाचा. खात्याचा सगळ्यात शेवटी. मास्तर पुढच्या दारात उभे होते, टोपी घालून.

मी उठून मनकर्णाजवळ जाऊन बसलो आणि म्हणालो, मावशी, आज तुमचा नंबर मास्तरांना द्या.

"कामून?"

मी सांगितलं. उद्या तार गुंडाळून नेणार, मग रोजचाच फोन बंद, मग आगार धरणार की पाणी शिल्लक आहे. आज मास्तर बोलले तर तार राहील कदाचित. पण मग आजचा टँकर चुकणार.

तिनं पदराचा काठ बोटाला गुंडाळला. मग म्हणाली, "म्हंजी आजचं पानी द्यायचं आन् उद्याचं राखायचं."

"तसंच."

"घरी म्हातारी हाय मपली. ती आज बी म्हनंल, असू द्या." तिनं मास्तरांकडं मान वळवली. "मास्तर, बोलताल ना नीट? म्या गहिनीनाथाला घरी बसवलंय, ध्येनात ठिवा."

मास्तर म्हणाले, बोलतो.

मी बोर्डावर बसलो आणि नगर मागितलं. विजयमाला म्हणाली, काय रे, साधा कॉल डावलून खात्याचा? नियम विसरलास? मी म्हणालो, विजयमाला, भांडण उद्या. उद्या तार असली तर. ती गप्प झाली. आजवर ती कधी गप्प झालेली नव्हती, मला वाटलं तारच तुटली. मग घंटी गेली आणि साहेबांचा आवाज आला. मास्तरांनी टेबलावरचा फोन उचलला, पाय जुळवून उभे राहिले. मनकर्णा दारात जाऊन उभी राहिली.

साहेब मायेनंच म्हणाले, "हाँ राधाकृष्ण जी, कहिए. यातायात कितना है?"

मास्तरांनी तोंड उघडलं. मी बोर्डाच्या खोलीतून त्यांची पाठ पाहत होतो. पाठीवर सदरा ओला झाला होता. त्यांची जीभ हललेली मला ऐकू आली.

"बिलकुल नहीं साहब," मास्तर म्हणाले. "आपकी कृपा."

मास्तरांनाही कळलं होतं. ते फोन तसाच धरून उभे होते आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की त्यांच्यावर ओरडायची सोयसुद्धा राहिली नव्हती. अडीच वर्षं घासलेलं वाक्य होतं ते, दारातून आपोआप बाहेर पडलं.

मनकर्णानं दोन पावलं टाकली आणि त्यांच्या हातातून फोन काढून घेतला. घाईत उलटा धरला, मग सुलटा केला. मला म्हणाली, "ह्याला काय पायजे?"

"यातायात विचारतोय," मी म्हणालो. "सांगा."

"आपलीच?"

"आपलीच."

आणि तिनं सांगितली.

"ऐका सायेब. तांबडं फुटायच्या आदी उठायचं. हंडा घिऊन हिरीवर जायचं. हिरीत पानी न्हाई, गाळ हाय. त्यो फडक्यानं गाळायचा आन् लेकरानला पाजायचा. मंग माळावर जायचं. खडी फोडायची. हातानला फोड आलं का त्येच्यावर पुन्यांदा फोडायची. तुमची ती तांबडी मिलो, ती शिजंस्तवर जळान संपतंय, आन् खाल्ली का प्वाट दुखतंय. कामावर खायाला सुकडी वाटत्यात, ती कोरडी. कोरडी सुकडी पान्याबिगर गिळून दावा तुमी मला. एकदाच दावा. मपली सासू साळूबाई मागं माळावर पडली, तिला घोटभर पानी न्हाई भेटलं. म्हातारी आसू द्या म्हनली. आसू द्या. मला तिचा येवढा राग आला का म्या तिच्याशी बोलले न्हाई दोन दिस. आन् मी हितं येऊन रोज बसते, दारात, भावाचा फोन म्होरं, माझा मागं. आज म्या माझा नंबर ह्या मास्तरला दिला. त्येनं काय क्येलं ते तुमी ऐकलंच. आता टँकर न्हाई. आज हजार मानूस माळावर तोंड वासून बसंल आन् मला इचारंल, मनकर्णे, फोन केलता का. मी काय सांगू, कृपा?"

साहेबांनी मधे दोनदा "जी, जी" म्हटलं होतं. मराठी त्यांना येत नव्हतं, पण आवाज येत होता. ती थांबल्यावर त्यांनी विजयमालाला विचारलं, ये क्या कह रही हैं?

विजयमाला पूर्ण वेळ तारेवर होती. मला तिचा श्वास ऐकू येत होता. ती शुद्ध, स्वच्छ हिंदीत म्हणाली, साहब, यातायात बता रही हैं.

साहेब चकित झाले. "इतना यातायात? एक महीने में?"

मी मनकर्णाला विचारलं, हे सगळं महिन्याचं का, असं विचारतायत.

"आजचं हाय," ती म्हणाली. "म्हैन्याचं सांगाया बसले तर त्येंची तार वितळंल."

साहेबांनी ताबडतोब सांगितलं, की टोळी थांबवा, ती तार कुठंही जाणार नाही. मास्तरांना त्यांनी थोडं रागावलं. म्हणाले, आप संकोच बहुत करते हैं. बारा वाजले आणि साहेब दौऱ्यावर गेले.

तार राहिली. टँकरची वेळ टळली. मनकर्णानं फोन टेबलावर आडवा ठेवला आणि माळाच्या वाटेला लागली. मास्तर खुर्चीत बसून राहिले. मी दोरी काढायला हात घातला, तेवढ्यात विजयमाला म्हणाली, काढू नकोस, माझ्याकडं आणखी एकजण आहे.

तिनं काय केलं होतं, तर मनकर्णा "हिरीत गाळ" म्हणत होती तेव्हाच तिनं दुसरी दोरी घेऊन टँकरचं आगार त्याच कॉलला जोडलं होतं. नगरातल्या नगरात, तिला तार लागत नव्हती. आगाराच्या बाबूनं सगळं ऐकलं. मनकर्णाचा आवाज रोजचाच, त्यावरून त्याला काम आणि गाव कळलं. मधे एक भारदस्त साहेब हिंदीत "जी, जी" करतोय, हेही कळलं. त्यावरून त्यानं ठरवलं, की दिल्लीहून कुणीतरी आलंय आणि एका बाईपुढं हात जोडून उभं आहे. त्या संध्याकाळी माळावर दोन टँकर आले. दुसरा रिकामा होता, पण आला. दिल्लीपुढं संख्या कमी दिसायला नको म्हणून बाबूनं पाठवलेला.

विजयमालाला याबद्दल खुलासा मागण्यात आला. एका कॉलवर दोन पार्ट्या का जोडल्या? तिनं लिहून दिलं, तार एकच होती. त्यावर तिला ताकीद मिळाली. त्या महिन्यात सगळ्या जिल्ह्यात डोकं वापरलेला हा एकच कॉल होता आणि त्याला ताकीद मिळाली. यावर मी जे बोललो ते विजयमालानं ऐकलं आणि म्हणाली, हे तारेवर बोलू नकोस, तारेला गंज चढेल.

पुढं आमच्या यातायातीची वरती दखल घेण्यात आली. गावाची गरज मोठी आहे, असं ठरलं. आठवड्याभरात बैलगाडीतून नवा बोर्ड आला. शंभर भोकांचा. पुंजाराम आणि मी दोघांनी तो उचलून आत घेतला. गाडीत आणखी काही आहे का, म्हणून मी गवत उपसून बघितलं. तार नव्हती. शंभर भोकं आणि नगरला तीच एक तार. छगनशेठनं गोदामासाठी आणि मेव्हण्यासाठी दोन फोन लगेच मागून घेतले, दोन्ही अर्जंट.

एक तारखेला सकाळी मनकर्णा उंबऱ्यावर होती. साहेबांचा फोन आला. मी मास्तरांना जोडून दिला आणि याही वेळी मी ऐकलं. साहेबांनी विचारलं, यातायात कितना है? मास्तर उभे होते. त्यांनी मोठा श्वास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, है साहब. बहुत है.

साहेबांना फार आनंद झाला. "बहुत बढ़िया," ते म्हणाले. "यातायात और बढ़ना चाहिए."

"बढ़ेगा साहब," मास्तर म्हणाले. "आपकी कृपा."

मी दोरी काढली. मनकर्णानं विचारलं, सायेब काय म्हनला?

मी म्हणालो, "यातायात वाढवा म्हणाले."

तिनं पदर खोचला, पाय पोटाशी घेतले आणि भिंतीला नीट टेकून बसली.

"सांग त्येनला," ती म्हणाली, "त्यात काय कमी पडू देनार न्हाई."

बोर्डावर पडदी पडली. छगनशेठचा मेव्हणा होता, अर्जंट. मी नगरची दोरी त्याच्या भोकात खुपसली.